काचेला चिकटलेला तेवीस नंबर

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं, ‘सोनवणे सर, तुमच्या क्षेत्रातल्या गमतीजमती लिहा. विज्ञान सोपं करून सांगितलेलं वाचकांना आवडतं.’ मी हो म्हणालो. गमती आहेतही. पण गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून लिहायला बसलं की हात तिकडेच वळतो. तेव्हा गमती थोड्या सांगेन, विज्ञान जमेल तितकं सोपं करेन, आणि उरलेल्या जागेत जे सांगायची मला लाज वाटते ते सांगेन. बाईंना चालेल की नाही, ठाऊक नाही.

आधी काम काय होतं ते. माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका औषध कंपनीत झाली, आणि त्यातली चार-पाच वर्षं पेप्टाइडं बनवण्यात गेली. माझी आई सटाण्याची. तिला माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. सुट्टीत घरी गेलो की विचारायची, ‘गोया बनाडस ना रे तू?’ मी म्हणायचो, गोळ्या नाही गं, गोळीच्या आधीचं. त्यावर तिचा प्रश्न, ‘मंग गोयीना आधी काय ऱ्हास?’ आणि इथे माझी गाडी अडायची. विद्यापीठातल्या परीक्षकांना मी न अडखळता उत्तरं दिली आहेत, आईला कधी देता आली नाहीत. तुमच्यासाठी पुन्हा प्रयत्न करतो.

आपल्या नसा एकमेकींना निरोप धाडतात. त्यातले काही निरोप म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांना पेप्टाइडं म्हणायचं. निरोप घेणाऱ्या पेशीवर तो ओळखणारी एक जागा असते, तिला ग्राही म्हणतात. अडचण अशी की एकाच निरोपाला ओळखणारे ग्राही दोन-दोन, तीन-तीन प्रकारचे असतात. कॉलनीत खाली उभं राहून ‘पिंट्या’ अशी हाक मारली की तीन खिडक्यांतून तीन पिंटे डोकावतात, तसं. मॉर्फिनचंच घ्या. त्याच्या हाकेला मुख्यतः ‘म्यू’ नावाचा पिंट्या धावतो. तो वेदना थांबवतो खरा, पण श्वास मंदावतो, पोट बांधून टाकतो आणि माणसाला सवय लावतो. शेजारचा ‘कप्पा’ हाही वेदना थांबवू शकतो आणि असली सवय लावत नाही. त्याचे स्वतःचे काही अवगुण आहेत, पण औषध मेंदूत शिरणार नाही अशी तजवीज केली तर ते आवरता येतात. आमचं काम हे, की शरीरातल्याच एका पेप्टाइडच्या साखळीत एखादी कडी बदलायची, एखादी जोडायची, आणि अशी हाक तयार करायची की फक्त कप्पाच खिडकीत येईल, म्यूला ऐकूसुद्धा जाणार नाही.

साखळी बनवायची ती बारीक प्लास्टिकच्या दाण्यांवर. काचेच्या भांड्यात दाणे घ्यायचे, पहिली कडी चिकटवायची, धुवायचं, दुसरी चिकटवायची, पुन्हा धुवायचं. प्रत्येक वेळी चार दाणे काढून रंगाची परीक्षा करायची. दाणे निळे झाले तर कडी नीट बसली नाही, पिवळेच राहिले तर पुढे चला. त्यात वापरायचं एक द्रव्य असं वासाचं होतं की मी संध्याकाळी सातपूरच्या बसमध्ये चढलो की माझ्या शेजारची जागा नाशिक रोडपर्यंत रिकामी राहायची. बायकोने माझे कामाचे शर्ट वेगळ्या बादलीत टाकायचा नियम केला होता. तीन आठवडे असं केल्यावर हाती काय यायचं, तर बाटलीच्या तळाशी कापसाच्या धाग्यासारखं पांढरं काहीतरी. एकदा स्टोअरच्या कारकुनाने नोंद करायची म्हणून ती बाटली त्याच्या काट्यावर ठेवली. काटा काही हलला नाही. तो म्हणाला, ‘सर, ही रिकामीच आणलीत.’

त्या रिकाम्या बाटल्यांचा मला फार अभिमान होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेटंटचा कायदा बदलणार, आता दुसऱ्यांच्या औषधांची नक्कल करून भागणार नाही, असं सगळे बोलत होते. आमचे मालक, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, हौशी माणूस. मलमं आणि खोकल्याची औषधं विकून कारखाना उभा केला होता, पण आपलं स्वतःचं एक औषध असावं ही त्यांची इच्छा होती. त्यांनी गोदामावरचा मजला मला दिला, चार माणसं दिली आणि म्हणाले, सोनवणे, जगाला दाखवू. मला तेवढंच हवं होतं.

त्या चार माणसांत यमुना भोये होती. तिचं नाव मी खरं लिहितो आहे, तिला विचारून. सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची, नाशिकला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झालेली. मी साखळ्या बनवायचो आणि ती तपासायची. तपासणी अशी, की उंदराच्या किंवा गिनीपिगच्या मेंदूच्या लगद्यात ते ग्राही असतात. त्यांच्यावर किरणोत्सर्गी खूण केलेला एक रेणू आधीच बसवून ठेवायचा. मग आमचं पेप्टाइड थोडं थोडं घालत जायचं आणि बघायचं, बसलेल्याला उठवायला ते किती लागतं. थोड्याशातच उठवलं तर पकड घट्ट, खूप लागलं तर ढिली. हे म्यूसाठी वेगळं करायचं आणि कप्पासाठी वेगळं. आकडे इतके बारीक की हात स्थिर नसेल तर सगळं वाया. यमुनाचा हात स्थिर होता. असा हात मी नंतर पाहिला नाही.

तिची एक सवय होती. वहीत ती सगळं लिहायची. कुठल्या खोक्यातल्या नळ्या, कुणी धुतल्या, त्या दिवशी वीज किती वेळ गेली होती, सगळं. मी चेष्टा करायचो, ‘यमुना, जेवणात भाजी कुठली होती तेही लिहीत जा.’ ती हसायची आणि लिहीत राहायची. ‘मला वाटतं’ असं ती कधी म्हणायची नाही. ‘सर, असं दिसतंय,’ म्हणायची. तिला एम.एस्सी. करायचं होतं. कंपनीतर्फे तिला पाठवायचं मी मोठ्या साहेबांकडे बोललो होतो, अर्जही भरला होता. तिच्या घरात तेवढं शिकणारी ती पहिली असती आणि तिच्या मागे धाकटी बहीण दहावीला होती.

आता नळ्यांबद्दल सांगावं लागेल, कारण सगळं तिथेच आहे. म्यूची तपासणी मी स्वतः बसवली होती, काचेच्या नळ्यांत. काच धुऊन पुन्हा वापरता येते. प्लास्टिकच्या नळ्या बाहेरून मागवाव्या लागत आणि एकदा वापरून फेकाव्या लागत, ते माझ्या काटकसरी बागलाणी मनाला पटायचं नाही. कप्पाची तपासणी पुढे यमुनाने बसवली. तिने छापील पद्धत वाचली, तिच्यात प्लास्टिकच्या नळ्या आणि द्रावणात थोडं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन सांगितलं होतं, आणि तिने तंतोतंत तसंच केलं. म्यूचंही तसंच करू या का, असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, चाललंय ते चालू दे.

आम्ही साखळीत धन विद्युतभाराच्या कड्या वाढवत गेलो. माझी कल्पना अशी की कप्पाला असा भार आवडतो आणि म्यूला तो नको असतो. आणि खरोखर, प्रत्येक कडीबरोबर म्यूवरची पकड ढिली होत गेली, कप्पावरची जशीच्या तशी. कागदावर ठिपके मांडले तर पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ. तेवीस नंबरचं पेप्टाइड तर कप्पाला घट्ट धरायचं आणि म्यूला जवळजवळ शिवायचंच नाही. तो आलेख मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. जेवताना बघायचो. युरोपातल्या एका कंपनीला आम्ही पत्र लिहिलं आणि त्यांची माणसं बघायला येणार असं ठरलं. मोठ्या साहेबांनी गेटला नवा रंग दिला.

पाहुणे यायच्या चार दिवस आधी दुपारी यमुना माझ्या टेबलाशी आली. हातात वही होती. नळ्या धुणाऱ्या बाई आठवडाभर रजेवर होत्या, स्वच्छ काचेच्या नळ्या संपल्या होत्या, म्हणून तिने म्यूची तपासणी प्लास्टिकमध्ये, अल्ब्युमिन घालून केली होती.

‘सर, असं दिसतंय की तेवीस नंबर म्यूवरपण तेवढाच घट्ट बसतोय.’

मी म्हणालो, पुन्हा कर. तिने तीनदा केली होती. मी म्हणालो, द्रावण चुकलं असेल. त्यावर तिने पान उलटून दाखवलं. तिने आणखी एक प्रयोग केला होता, मला न विचारता. तेवीस नंबरचं द्रावण आधी तासभर काचेच्या नळीत ठेवलं, मग तेच प्लास्टिकमध्ये घेऊन तपासलं. पकड गायब.

‘औषध काचेला चिकटतंय, सर. लगद्यापर्यंत पोचतच नाहीये.’

मला त्याच क्षणी कळलं. हे मी ठळक लिहितो, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःलाही वेगळं सांगत आलो. काचेच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. आम्ही एकेक धन कडी वाढवत होतो, तसतसं पेप्टाइड काचेला जास्त जास्त चिकटत होतं आणि म्यूपर्यंत कमी कमी पोचत होतं. माझी सरळ रेघ ग्राहीची नव्हती, काचेची होती. पेप्टाइडं काचेला चिकटतात हे आमच्या धंद्यात पोरासोरांना माहीत असतं. मी स्वतः कॉलेजांत जाऊन व्याख्यानात सांगितलेलं आहे, विनोद करून. तेच माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती चूक होती. चुका होतात, त्यांची लाज फार दिवस टिकत नाही. पण मी टेबलाच्या काचेखालच्या आलेखाकडे बघितलं, खाली गेटला चाललेल्या रंगाचा वास येत होता, आणि मी आवाज चढवून म्हणालो, ‘पद्धत सोडून प्रयोग करायला कोणी सांगितलं होतं? हे धरता येणार नाही. रेघ मार.’

आमच्याकडे वहीतलं पान कधी फाडत नाहीत, खाडाखोडही करत नाहीत. चुकलेल्या प्रयोगावर एकच तिरपी रेघ मारायची, मजकूर खाली वाचता आला पाहिजे. बाजूला कारण लिहायचं, सही करायची, आणि वरिष्ठाने साक्षीदार म्हणून खाली सही करायची. शंका असेल तर ती पुढच्याला दिसावी यासाठी ही पद्धत आहे. तिचा असा उपयोग होऊ शकतो हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

यमुनाने पट्टी घेतली आणि चारही पानांवर रेघा मारल्या. ‘कारण काय लिहू, सर?’

‘हाताळणीतली चूक.’

ती थांबली. ‘कोणाची?’

मी म्हणालो, ‘वही कोणाची आहे?’

तिने लिहिलं. सही केली. खाली मी केली.

पाहुणे आले, एक शास्त्रज्ञ बाई आणि एक वकील. बाईंनी दोन दिवस बारकाईने सगळं पाहिलं, आलेखापाशी बराच वेळ थांबल्या आणि मला म्हणाल्या की इतकी स्वच्छ मालिका क्वचित बघायला मिळते. मी नम्रपणे हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. यमुना त्या दोन दिवसांत तिच्या टेबलाशी काम करत होती. बाईंनी तिला हातातल्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. नळ्यांचं ती काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघत होतो हे तिला माहीत होतं.

चार महिन्यांनी फॅक्स आला. त्यांच्या प्रयोगशाळेत तेवीस नंबर म्यू आणि कप्पा दोघांनाही सारखाच धरत होता. त्यांनी आमच्या सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स मागवल्या. त्यात ती चार पानं गेली. महिन्याभराने दुसरा फॅक्स आला. त्यात लिहिलं होतं की विरुद्ध जाणारा निकाल हाती असताना तो चूक म्हणून बाजूला सारला गेला, आणि अशा प्रयोगशाळेशी पुढे व्यवहार करता येणार नाही.

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. फॅक्स समोर होता. त्यांनी यमुनाला विचारलं, ही रेघ तू मारलीस का? ती म्हणाली, ‘हो. सरांनी सांगितलं म्हणून.’ आवाज शांत होता. तक्रार केल्यासारखाही नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

साहेब माझ्याकडे वळले. ‘सोनवणे, खरं आहे का हे?’

माझी दोन मुलं तेव्हा शिकत होती, घराचं काम निम्मं झालं होतं. ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी ती डोक्यात नव्हती. डोक्यात एवढंच होतं की दोन वर्षं मी काचेची रेघ ओढत बसलो होतो हे सगळ्यांना कळणार. मी खोटंही नीट बोललो नाही. म्हणालो, ‘मला आठवत नाही, साहेब. रोज इतक्या पानांवर सह्या होतात.’

यमुनाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादं यंत्र भलताच आकडा दाखवायला लागलं की ती ज्या नजरेने त्याकडे बघायची, त्या नजरेने. मग तिने मान वळवली. त्याच दिवशी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. एम.एस्सी.चा अर्ज परत आला, तो मी ड्रॉवरमध्ये टाकला.

आठ दिवसांनी गेटवरून फोन आला की सुरगाण्याकडून कुणीतरी भेटायला आलंय. खाली गेलो. टोपी घातलेले, वाळलेल्या अंगाचे एक गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी. यमुनाचे वडील. पहाटेची एसटी धरून सीबीएसच्या बसस्थानकावर उतरले होते, तिथून विचारत विचारत सातपूरला. मला वाटलं, जाब विचारायला आलेत. मी मनात उत्तरं जुळवायला लागलो.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. ‘साहेब, पोरगी चुकली. लय हुशार हाय, पण चुकली. तुमचं एवढं नुकसान झालं. तिला माफ करा.’

यमुनाने घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित खरं सांगितलं असेल, पण एवढा शिकलेला साहेब खोटं बोलेल हे त्यांना पटलं नसेल. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की समोरचा माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, त्याने हात जोडले आहेत आणि वॉचमन बघतो आहे. मी म्हणालो, ‘असू द्या, बाबा. माफ केलं.’

ते निघून गेले. पिशवीत नागलीचं पीठ होतं. मी ते घरी नेलं. बायकोने भाकरी केल्या, पीठ किती छान आहे म्हणाली, कुणी दिलं विचारलं. मी म्हणालो, कामावरच्या एकाने. आणि मी जेवलो.

पुढचं लवकर सांगतो. संशोधनाचा मजला बंद झाला. मला गुणवत्ता विभागात टाकलं, तिथे मी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या तपासत उरलेली वर्षं काढली. माणसं मला कडक म्हणायची. वहीत रेघ दिसली की मी संबंधिताला बोलावून पाच-पाच वेळा विचारायचो, खरंच चुकलं होतं का? त्यांना वाटायचं, सरांना शिस्तीचं वेड आहे.

निवृत्त झालो. गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या प्रवेशासाठी नाशिक रोडच्या एका कॉलेजात गेलो होतो. प्रयोगशाळेच्या दारातून आत एक बाई मुलांना पिपेट धरायला शिकवताना दिसली. पाठमोरी असूनही हातावरून ओळखलं. यमुना तिथे प्रयोगशाळा सहायक होती. केसांत थोडे पांढरे आले होते. मुलं गेल्यावर मी पुढे झालो, नाव सांगितलं. ‘ओळखलं, सर,’ म्हणाली, आणि बसायला स्टूल दिलं.

मी पाठ केल्यासारखं सगळं बोललो. तू बरोबर होतीस, मला तेव्हाच कळलं होतं, केबिनमध्ये मी खोटं बोललो. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता नळ्या स्टँडमध्ये लावत होती. माझं संपल्यावर म्हणाली, ‘हे मला माहीतच आहे, सर. मी तिथे होते ना. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.’

‘कोणाला?’

‘बाबांना. मी किती वेळा सांगितलं. ते म्हणतात, साहेबांनी स्वतःच्या तोंडाने माफ केलं म्हटलंय, मग चूक तुझीच असणार.’

मी कबूल केलं की जाईन. आणि तीन आठवडे गेलो नाही. कधी गाडीचं काम होतं, कधी ऊन जास्त होतं. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्या पिठाच्या भाकरी मी तुम्हाला वाढल्या होत्या.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो.

पाड्यावर घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारे ओट्यावर टोपली विणत बसले होते. खूप थकले होते, पण त्यांनी मला लगेच ओळखलं, घाईने उठून घोंगडी अंथरली, सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा येण्याआधीच मी बोलून टाकलं, नाहीतर तो पिऊन परत फिरलो असतो. काच, प्लास्टिक यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, ‘बाबा, तेव्हा चूक यमुनाची नव्हती. माझी होती. तिने बरोबर सांगितलं होतं आणि मी तिला खोटं लिहायला लावलं. साहेबांसमोर मी खोटं बोललो. तुमच्यासमोरही खोटं बोललो.’

त्यांनी टोपली बाजूला ठेवली. मला वाटलं ऐकू गेलं नसावं, म्हणून मी पुन्हा सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

‘यमुनेला मी लय बोललो,’ ते म्हणाले. ‘ती गप ऱ्हायली. पण धाकटीला मी त्याच्यापायी पुढं शिकवली नाय. म्हनलं, एक शिकली न् लोकांचं नुकसान करून आली, दुसरी नको. तिचं लगीन लावून दिलं.’ मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘त्येचं आता काय करायचं, साहेब?’

धाकटीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. विचारलं. सुमन. ती गणितात यमुनापेक्षा हुशार होती असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. द्राक्षांच्या हंगामात ती आणि तिचा नवरा दिंडोरीकडे मजुरीला जातात.

सून चहा घेऊन आली. म्हाताऱ्यांनी तो घेतला नाही. आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले, टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘तुमची गाडी हाय ना? मला यमुनेकडं न्या.’

मी म्हणालो, फोन लावून देतो. ते म्हणाले, फोनवर नको.

अडीच तास आम्ही शेजारी बसून आलो. ते घाटात एकदा पाणी मागण्यापुरतं बोलले, मी तेवढंही नाही. यमुनाचं घर नाशिक रोडच्या एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हाताऱ्यांना जिना चढवत नव्हता, मी हात धरून वर नेलं. दार तिनेच उघडलं. बापाला बघून ती घाबरली, तिला वाटलं घरी काही वाईट झालं.

त्यांनी उंबऱ्याबाहेरच उभं राहून मुलीसमोर हात जोडले. ‘बाई, माझं चुकलं,’ ते म्हणाले. ‘मला माफ कर.’

यमुनाने ते हात धरले, खाली केले आणि त्यांना आत नेलं. मला आत या म्हणाली. मी गेलो नाही. जिन्यात उभा राहिलो. त्या माणसाला मी दोनदा हात जोडताना पाहिलं, एकदा माझ्यासमोर आणि एकदा त्याच्या लेकीसमोर. दोन्ही वेळा मूळ चूक माझी होती. आणि मी स्वतः, इतक्या वर्षांत, त्या दोघांपैकी एकाहीपुढे हात जोडलेले नाहीत, हे तिथे जिन्यात उभा असताना माझ्या लक्षात आलं.